रिकामं पारडं

साडेआठला शेवटचा पेशंट जातो,
जाड दारावरचा लाल दिवा विझतो
आणि मी तुम्हाला टेबलावर झोपवते, ओतारी.
म्हणजे तुम्हाला नाही.
तुमच्या जागी तीस किलो प्लास्टिक,
पाण्याइतकंच दाट, पाण्याहून मुकं,
पोटात हजारभर बारीक डोळे.

तुम्ही आत्ता परळ गावात बहिणीच्या खोलीवर
कोमट पेज गिळून बघत असाल.
तुमचा मुखवटा इथे शेल्फवर आहे,
कपाळावर चिकटपट्टी, पट्टीवर नाव,
जाळीतून कुणीच बघत नाही.

शिवडीला भरती आहे की ओहोटी
या तळघरात कळत नाही.
बाहेरचं एवढंच आत येतं:
हवेचा दाब, एक हजार सात.
तोही हिशेबात धरावा लागतो.

यंत्र फिरू लागतं.
एकशेवीस पाती कंगव्याच्या दातांसारखी सरकतात,
तुमच्या गळ्यातल्या त्या गाठीपुरती
फट उघडतात, मिटतात,
मणक्यातली दोरी झाकून धरतात.

"ताई, आलं बघा," इरफान म्हणाला.
एक्क्याण्णव पूर्णांक चार.
शंभरातले पंचाण्णव बिंदू जुळायला हवेत.
पडद्यावर डावीकडे लाल ठिपके,
गोवर उठावा तसे.

पहिला विचार काय आला, खरं सांगते.
निकष जरा सैल केला तर?
दोन मिलिमीटरच्या जागी तीन.
एक मिलिमीटर. नखाची कड.
कागदावर पास होईल,
इरफान मुंब्र्याला वेळेत पोचेल,
माझ्या घरी जेवण झाकून ठेवलंय.
आणि उद्यापासून
त्या नखाच्या कडेखाली तुम्ही झोपाल,
पस्तीस दिवस.

मी माऊसवरचा हात काढला.
चहा सांगितला.

पुन्हा मोजलं. पुन्हा तेच.
मग एकेक पातं चालवून बघितलं:
सदतिसावं मागे रेंगाळत होतं,
वरातीत दमलेल्या काकांसारखं.
लोबो आला दहाला, चिडलेला, पण आला.
पेनाच्या टोपणाएवढी मोटर बदलली.
दीड वाजता अठ्ठ्याण्णव पूर्णांक सहा.
मी सही केली. सही जरा वाकडी आली.

सकाळचा तुमचा नंबर दुपारवर गेला.
"काय बिघडलं होतं?" तुम्ही विचारलंत,
अर्धी हवा, अर्धा शब्द.
काहीतरी सांगणार होते, सवयीने.
पण बहिणीने मागे सांगितलं होतं,
मशीद बंदरला तुम्ही एकेचाळीस वर्षं
तराजू दुरुस्त केलेत.
तर म्हटलं, माप चुकत होतं. नीट केलं.

तुम्ही मान हलवलीत, घाईने नाही.
"तुमचं वजन कोण तपासतं?"
ते ट्रॉम्बेला जातं, मी म्हटलं.
"त्यांचं?"
त्यांचं परदेशात कुठेतरी.
"आणि त्यांचं?"

मी गप्प.
तुम्ही हसलात, मग खोकलात, बराच वेळ.
हातानेच थांबा म्हणालात.

"गिऱ्हाईक उभं असताना
आधी रिकामं पारडं दाखवायचं.
काटा मधोमध उभा राहिला,
मगच डाळ घालायची.
पण काटा बघायला गिऱ्हाइकाला कुठे येतं?
ते दुकानदाराच्या तोंडाकडे बघतं."

आणि तुम्ही माझ्या तोंडाकडे बघितलंत.

मापात पाप नको, एवढं सगळ्यांना पाठ असतं.
पण ते शिरतं ना, तेव्हा पापासारखं दिसत नाही, ओतारी.
उशीर झालाय म्हणून शिरतं.
भूक लागलीय म्हणून.

मुखवट्याच्या खिट्ट्या बसल्या, टक टक टक.
जाळीतून तुमचा एक डोळा
छताकडे, बिनघोर.

आज साडेआठ वाजलेत.
शेल्फवर चार नवे मुखवटे.
दाब एक हजार नऊ.
इरफान, लाव.